गाडी माझी, हात माझे, आणि फिजिक्स मात्र त्यांच्या लहरीवर

पैसे मोजून घेतलेल्या रेसिंग गेममधली गाडी वळणावर कशी वागेल ते ठरवणारे गणित, म्हणजे गेमचे फिजिक्स, एका रात्रीत बदलून टाकण्याचा अधिकार बनवणाऱ्यांना कोणी दिला? नवे अपडेट आल्यापासून माझ्या डोक्यात हाच प्रश्न आहे, आणि त्यांच्याकडून उत्तर म्हणून एकच वाक्य मिळते: ‘हाताळणी अधिक वास्तववादी करण्यात आली आहे.’ बस्स. काय बदलले, किती बदलले, कशासाठी बदलले, याचा मागमूस नाही. बरे, हे अपडेट घ्यावे की नाही हेही आपल्या हातात नाही. घेतले नाही तर ऑनलाइन शर्यत उघडतच नाही. सावंतवाडीत भर पावसात, कुठेतरी झाड पडून केबल तुटलेली असताना, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कित्येक जीबी उतरवायचे, मध्येच लाइट गेली की इन्व्हर्टरच्या भरवशावर राउटर जगवायचा, आणि इतके करून मिळवायचे काय, तर आपलीच गाडी बिघडवून!

बिघाड नेमका काय झाला तेही सांगतो, कारण ‘तुम्हाला जमत नाही म्हणून तुम्ही ओरडता’ असे म्हणणारे लगेच पुढे येतील. माझी नेहमीची गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे. तिसऱ्या गिअरमधल्या उजव्या वळणावर पूर्वी ब्रेक दाबत आत शिरायचे, स्टिअरिंग वळवत जाईल तसा ब्रेक सैल करत आणायचा, वजन पुढच्या चाकांवर असल्याने नाक आत यायचे, शेपूट किंचित बाहेर सरकायची आणि स्टिअरिंग जरासे उलट दिले की गाडी सावरायची. यात गंमत होती, कारण प्रत्येक टप्प्यावर गाडी काय करणार आहे ते आधी कळत होते. आता त्याच वळणावर, त्याच वेगाने, नाक सरळ कुंपणाकडे चालू लागते. स्टिअरिंग आणखी वळवा, काही होत नाही. वेग उतरतो, आणि मग एकाएकी पुढच्या टायरना पकड येते आणि मागची बाजू काही सूचना न देता गर्रकन फिरते. मी खेळतो ते टेबलाला लावलेल्या स्टिअरिंगवर, ज्यातली मोटर गाडीचा जोर हाताला कळवते; ते या सगळ्या वेळात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच जड. माझा खरा राग या शेवटच्या गोष्टीवर आहे.

खऱ्या टायरचे वागणे गूढ नाही. त्यावर कित्येक दशके अभ्यास झालेला आहे. टायरचे तोंड ज्या दिशेला आहे आणि तो प्रत्यक्ष ज्या दिशेने जातो आहे, त्या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढतो तशी बाजूची पकड वाढत जाते, रस्त्यावरच्या साध्या टायरमध्ये कोरड्या डांबरावर ढोबळमानाने ६ ते १० अंशांच्या आसपास ती सर्वाधिक होते, आणि त्यापुढे ती उतरू लागते. डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पाचेइका यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘मॅजिक फॉर्म्युला’ हे सूत्र पकडीचा हाच चढ-उतार आकड्यांत मांडते, आणि कित्येक गेमनी ते किंवा त्याच्या जवळपासचे काहीतरी वापरलेले आहे. आता यातली मेख पाहा. रस्त्याला टेकलेल्या टायरच्या पट्ट्यात बाजूचा जोर चाकाच्या मध्याच्या थोडा मागे लागतो, म्हणून वळणात स्टिअरिंग सरळ व्हायला धडपडते आणि हाताला जड लागते. कोन वाढत गेला की तो जोर पुढे सरकत येतो, आणि पकड पुरती संपण्याच्या आधीच स्टिअरिंग हलके पडू लागते. म्हणजे खरी गाडी घसरण्याआधी हाताला कळवते. वास्तववाद म्हणायचा तर याला म्हणायचे. ती खबर काढून टाकून नुसती पकड कमी केली, तर गाडी वास्तववादी होत नाही, मुकी होते.

आमच्या दादाला, म्हणजे थोरल्या चुलतभावाला, गेममधले काही कळत नाही आणि कळून घ्यायची त्याला इच्छाही नाही. तो पिकअप चालवतो, हंगामात वेंगुर्ल्याच्या आंब्याच्या पेट्या घेऊन आंबोली घाटाने कोल्हापूरच्या बाजारात जातो, आणि पावसाळ्यात मिळेल तो माल घेऊन त्याच वाटेने जात राहतो. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या रस्त्याबद्दल वेगळे सांगायला नको: धुके बॉनेटवर उतरलेले, कडेने वाहणारे पाणी, वळणात कुजलेला पाला, धबधब्यापाशी रस्त्यातच उभ्या केलेल्या पर्यटकांच्या गाड्या. तिथे दादा दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो पाय न लावता, इंजिनच्या ओढीवर उतरतो. त्याला परवा मी मुद्दाम खुर्चीत बसवले आणि ओल्या ट्रॅकवर गाडी दिली. दोन वळणांत तो म्हणाला, “ही गाडी साबणार चलता काय रे?” आणि थोडे थांबून, “स्टेरिंग काय्येक सांगणा नाय.” फिजिक्सची पुस्तके न वाचलेल्या माणसाला जे दोन वळणांत कळले, ते पगार घेऊन हेच काम करणाऱ्यांना अपडेट सोडण्यापूर्वी कळू नये, याचा संताप येणार नाही तर काय!

अवघड म्हणजे खरे, हा समज या धंद्यात कोणी पसरवला कोण जाणे. १९९८ साली आलेला ‘ग्राँ प्री लेजंड्स’ हा गेम अवघडपणासाठी आजही ओळखला जातो. त्यात १९६७ च्या फॉर्म्युला वनच्या गाड्या होत्या, हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारे पंख नसलेल्या, अरुंद टायरांच्या, आणि अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की गोल फिरणाऱ्या. पण ती गाडी का फिरली ते कळत असे, म्हणून लोक पुन्हा बसत आणि शिकत. दुसऱ्या टोकाला १९९३ चा ‘रिज रेसर’ घ्या. त्यातले ड्रिफ्ट, म्हणजे गाडी आडवी घसरवत घेतलेले वळण, कोणत्याही रस्त्यावर शक्य नाही, तरी कोणी तक्रार करत नव्हते, कारण त्या गेमचा जो काही नियम होता तो कायम होता आणि खेळणाऱ्याचा हात त्या नियमावर बसलेला असे. मजा पकडीच्या कमी-जास्त आकड्यात नसून त्या बसलेल्या हातात असते. नियम उलटला की हात पुन्हा कोरा.

आणि नुकसान एकट्या हाताचे नाही. स्प्रिंग, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणे आवरणारा दांडा), डिफरन्शियल (दोन चाकांत इंजिनचा जोर वाटणारा भाग) यांचे आकडे रात्र रात्र बसून जुळवलेले सगळे सेटअप जुन्या टायरसाठी होते. ते आता कचऱ्यात. लीडरबोर्डवर, म्हणजे सर्वांत वेगवान खेळाडूंच्या यादीत, जुन्या फिजिक्सवर लावलेल्या वेळा मात्र तशाच ठेवल्या आहेत, म्हणजे जी गाडी आता अस्तित्वातच नाही तिच्या घोस्टशी, म्हणजे जुन्या फेरीच्या ट्रॅकवर दिसणाऱ्या नकलेशी, आम्ही शर्यत लावायची. स्टिअरिंगऐवजी पॅडवर, म्हणजे दोन हातांत धरायच्या कंट्रोलरवर, खेळणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. अंगठ्याची काडी इंचभरही हलत नाही, म्हणून गेम स्टिअरिंगचा वेग आपल्या परीने आवरून धरतो; टायर बदलले आणि ती आवराआवर जुनीच राहिली, की अंगठा आणि गाडी यांचा संबंधच तुटतो. चुका मोठ्यांकडूनही होतात, हे मान्य. २०२४ च्या जुलैमध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ या रेसिंग गेमच्या अपडेटनंतर काही गाड्या ट्रॅकवर उड्या मारू लागल्या, त्याचे व्हिडिओ जगभर फिरले आणि पुढच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त करावे लागले. पण उडणारी गाडी सगळ्यांना दिसते, तिच्यावर हसता येते. स्टिअरिंगमधून गेलेली खबर व्हिडिओत दिसत नाही, म्हणून तिची दाद ना फिर्याद.

मागणी फार मोठी नाही. पीसीवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेमची जुनी आवृत्ती निवडू देण्याची सोय आहे, फक्त बनवणाऱ्यांनी ती आवृत्ती तिथे ठेवायला हवी. निदान एकट्याने खेळताना जुने फिजिक्स निवडता येऊ द्या. लीडरबोर्ड फिजिक्सप्रमाणे वेगळे करा. आणि बदलांच्या यादीत कोणत्या टायरची बाजूची पकड किती टक्क्यांनी बदलली, पकड सर्वाधिक झाल्यानंतरचा तिचा उतार किती तीव्र केला, स्टिअरिंगला जाणाऱ्या जोरात काय फेरफार केले, हे आकड्यांनिशी लिहा. नव्या रंगांची आणि स्टिकरांची नावे त्याच यादीत पानभर छापायला तुम्हाला जागा सापडते. टायरसाठी चार ओळी सापडत नसतील, तर ‘वास्तववादी’ हा शब्द तरी जाहिरातीतून काढून टाका.