हसा, काकांना हसा!

सकाळपासून कॉलनीच्या ग्रुपवर एकच विषय. शेजारचे काका-काकू रविवारी संभाजीनगरहून रेल्वेनं नाशिकला वायनरी बघायला गेले, संध्याकाळी परतायला रिक्षा मिळेना, म्हणून अंधारात दोन किलोमीटर चालले. त्यावर नुसत्या हसणाऱ्या इमोजी. "गाडी न्यायची ना काका!" काय बोलू लाले हे लोक?

वाइन चाखायला जायचं आणि येताना स्टिअरिंग धरायचं? टेस्टिंगला पाच प्रकार, प्रत्येकी तीसेक मिली धरा. झाली दीडशे मिली, बारा-तेरा टक्क्यांची. बेताच्या वजनाच्या माणसाची तेवढ्यातच १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा ओलांडू शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५: पहिल्याच खेपेला १० हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर रात्रीचा येवला-वैजापूर रस्ता, उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही. चालत आलेले काका शहाणे की तुम्ही?

काकांची चूक एकच. स्टेशनवरून ॲपची कॅब केली आणि गेटवर सोडून दिली. जाताना कॅब मिळते. संध्याकाळी एका सवारीसाठी गंगापूर धरणाकडं रिकामं कोण येणार? नाशिकरोड स्टेशन एका टोकाला, वायनऱ्या दुसऱ्या टोकाला, वीसेक किलोमीटर. म्हणून आधी सिटीलिंकच्या शहर बसनं किंवा शेअर रिक्षानं सीबीएस, म्हणजे शहरातलं बसस्थानक, गाठा. तिथून रिक्षा ठरवा ती जाणं, थांबणं, येणं मिळून. निम्मे पैसे परत आल्यावर. सुला, यॉर्क, सोमा या वायनऱ्या एकाच अंगाला आहेत, तीच रिक्षा तिन्हीकडं फिरते. दिंडोरी आणि इगतपुरी एकाच दिवसात हवं असेल तर गाडी लागते, मान्य. पण ड्रायव्हरसकट.

आणि एका दिवसात उरकायचा हट्ट सोडा. नांदेडहून येणारी तपोवन एक्सप्रेस संध्याकाळी नाशिकरोडला उतरवते. सीबीएसजवळ मुक्काम करा, सकाळी पोटभर खाऊन निघा, टूरची वेळ आधी बुक करा, जमलं तर शनिवार-रविवार टाळा, मुंबई-पुण्याची झुंबड असते. ड्राय डे आहे का ते बघा, नाहीतर नुसत्या टाक्या बघून याल. वय २१ पूर्ण हवं. टेबलावरचं भांडं चाखलेली वाइन थुंकायसाठी असतं, आपल्याकडच्यांना त्याची उगाच लाज वाटते. दुपारी चारच्या आत रिक्षात बसा, सीबीएसवरून एसटी धरा, रात्री नऊ-दहापर्यंत संभाजीनगर. बाटल्यांचं ओझं कशाला? बहुतेक लेबलं आपल्या संभाजीनगरच्या सिडकोतल्या दुकानात मिळतात.

आता राग जरा उतरला, म्हणून सांगतो. काकू जालना जिल्ह्यातल्या कडवंचीच्या. माहेरी द्राक्षबागा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी बघतच वाढल्या. तोडणी चालू होती, तर तिथल्या माणसाला विचारून त्यांनी शिराझ या वाइनच्या द्राक्षाचे चार मणी तोंडात टाकले. बारीक, काळेभोर, साल जाड, आत बी. "असला माल आमच्याकडं व्यापारी बघणारबी नाही," म्हणाल्या. मग त्या माणसानं समजावलं, लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात. पांढरीला आधी पिळून साल बाजूला काढतात. काकूंनी अर्धा तास त्याला सोडलं नाही. मण्यात साखर किती भरल्यावर तोडता, बागेचं पाणी कधी तोडता, सगळं विचारलं.

उशीर झाला तो त्यामुळं.