सामुराईचा सिनेमा बघायला जाताय? मग एवढं कराच

परवा आमच्या भागातल्या एका हौशी मंडळाने ‘द लास्ट सामुराई’ मोठ्या पडद्यावर दाखवला. जपानी सैन्याला शिकवायला आलेला अमेरिकन अधिकारी टॉम क्रूझ बंडखोर सामुराईंना, म्हणजे जपानच्या पिढीजात योद्ध्यांना, जाऊन मिळतो, अशी ही गोष्ट. सिनेमा २००३ चा, बहुतेकांनी टीव्हीवर जाहिरातींच्या मधल्या फटीतून पाहिलेला, तरी हॉल गच्च. मी सिनेमा बघायला गेलो होतो, बाकीची मंडळी प्रतिक्रिया द्यायला आली होती. अडीच तासांत मला जे शिक्षण मिळालं ते तुम्हालाही मिळावं, म्हणून या चार सूचना. फुकट आहेत, घेऊन टाका.

सर्वांत आधी, दिवे मालवायच्या आत मत तयार ठेवा. बाजारात दोनच मतं चालतात. एक, ‘काय संस्कृती आहे राव!’ आणि दोन, ‘तीच ती गोऱ्या तारणहाराची गोष्ट.’ दुसरं घेतलंत तर टॉम क्रूझ नेमकं कुणाला तारतो, हे विचारायचं नाही. सामुराईंचा म्होरक्या कात्सुमोतो मरतो, त्याचा तलवारबाज उजिओ मरतो, झाडून सगळे साथीदार मरतात आणि तारणहार तेवढा जिवंत राहून गावाकडे परततो. असा तारणहार शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. आक्षेपच घ्यायचा तर चांगला मुद्दा होता की! त्या काळात जपानचं सैन्य घडवायला मुख्यतः फ्रेंच अधिकारी आले होते. त्यांच्यातलाच झ्यूल ब्रुने १८६८-६९ च्या यादवीत शोगुनच्या, म्हणजे सत्ता गमावलेल्या लष्करी राज्यकर्त्याच्या, हरत चाललेल्या लोकांबरोबर पार उत्तरेतल्या हाकोदातेपर्यंत गेला. हॉलीवूडने फ्रेंचाला उठवून त्याच्या खुर्चीत अमेरिकन बसवला. पण हे बोलायचं तर आधी काहीतरी वाचावं लागतं, आणि मध्यंतर दहाच मिनिटांचं असतं.

जपान्यांच्या वतीने दुखावून घ्यायला विसरू नका. हा सिनेमा अमेरिकेपेक्षा जपानमध्ये जास्त चालला, असं कुणी म्हणालं तर चष्मा पुसायला घ्या.

डोंगर दिसला की शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगा, ‘हा फुजी नाही बरं का, न्यूझीलंडचा तारानाकी!’ प्रत्येक वेळी सांगा. डोंगर बऱ्याच वेळा दिसतो.

रात्री छपरांवरून काळ्या कपड्यांतले निंजा उतरले की शिट्टी मारा. साल १८७६-७७ आहे, देशात रेल्वे धावते आहे, तार पोचली आहे, याचा शिट्टीशी काही संबंध नाही.

केन वातानाबेला कात्सुमोतोच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन होतं. बाहेर पडताना त्याला ‘तो टकला जपानी’ म्हणा.

आता बंदुका. इथे मात्र मन लावून ऐका, कारण इथे तुम्हाला खरी कामगिरी करायची आहे. शेवटच्या लढाईत चिलखतं घातलेले घोडेस्वार तलवारी उपसून गॅटलिंग गनवर, म्हणजे हाताने फिरवायच्या मशीनगनवर, चालून जातात, तेव्हा माझ्यामागच्या काकांनी वेफर्सची पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं जाहीर केलं, “बघा, याला म्हणतात मर्द! बंदुकीला शिवायचा नाही म्हणजे नाही!” तुम्हीही हेच म्हणा. पोर्तुगीजांची बंदूक १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली आणि सामुराईंनी ती दोन्ही हातांनी उचलली, हे विसरा. १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत सरदार ओदा नोबुनागाने तिच्याच जोरावर ताकेदा घराण्याच्या सैन्याची वाताहत केली, हेही विसरा. कात्सुमोतो ज्याच्यावरून बेतला त्या खऱ्या सामुराईच्या, साइगो ताकामोरीच्या, बंडाची ठिणगी कशी पडली, हे तर मुळीच आठवू नका. सरकार साइगोच्या कागोशिमा शहरातला दारूगोळा हलवायला निघालं, तेव्हा जानेवारी १८७७ मध्ये साइगोच्या शाळांमधल्या पोरांनी कोठारावर धाड घालून तो लुटला. बंदुकीला न शिवणाऱ्यांच्या बंडाची सुरुवात काडतुसांच्या लुटीने! त्यांच्याकडे बंदुका होत्या, तोफा होत्या, आणि साइगोचा लष्करी पोशाख पाश्चात्त्य पद्धतीचा होता. तलवारी शेवटी खऱ्या अर्थाने बाहेर आल्या, कारण गोळ्या संपत आल्या होत्या. आणि गंमत ऐकायची आहे? त्या युद्धात तलवारी घेऊन धावून जाण्यासाठी मुद्दाम उभारलेली एक नामांकित तुकडी होती. ती होती सरकारची! ताबारुझाकाच्या लढाईत उतरलेली पोलिसांची ‘बात्तोताई’, आणि तिच्यात कितीतरी माजी सामुराई. म्हणजे काका, तुमचे मर्द दोन्हीकडे होते, आणि बंदुकाही दोन्हीकडे होत्या. पण काकांचं पुढचं वाक्य तयार होतं, “आपले मावळे असते ना, तर...” वाक्य पुरं झालंच नाही, वेफर्स मधे आले. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा कुणाच्या बाजूने धडाडत होत्या, हे मी मान वळवून विचारणार होतो. बायकोने हात दाबला.

कात्सुमोतो प्राण सोडत असतो, वर फुलांनी लगडलेलं झाड असतं. इथे वातानाबेच्या आधी त्याचा संवाद म्हणून टाका. पाठ आहे हे लोकांना कळलं पाहिजे.

मग सरकारी सैनिक गुडघे टेकून वाकतात. फोन काढायची हीच वेळ. ब्राइटनेस पूर्ण ठेवा, नाहीतर स्टेटसला नीट दिसत नाही.

घरी पोचल्यावर ग्रुपवर लिहा, “आज असा सन्मान, अशी निष्ठा राहिली नाही.” खाली हात जोडलेले. सकाळपर्यंत सतरा जणांचे अंगठे येतात.

कसला सन्मान हो? १८७६ साली काय झालं होतं, ते एकदा बघा तरी. सरकारने रस्त्यावर तलवार लावून फिरायला बंदी घातली आणि सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद करून हातात रोखे टेकवले. त्यामागचा अपमान मला कळतो, एका रात्रीत बेकार झालेल्या माणसाचं दुःखही कळतं. पण त्यांच्या खाली कोण होतं? अपमान केला म्हणून साध्या माणसाला जागच्या जागी कापायची मुभा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांची ही निष्ठा. १५८८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांच्या घरांतून हत्यारं गोळा करून नेली. पुढे १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली तेव्हा त्यांच्याच वंशातल्या पोरांच्या हातात सरकारने बंदूक दिली आणि सांगितलं, आता सामुराईंशी लढा. साइगोच्या बंडात कुमामोतोच्या किल्ल्यात याच भरतीच्या पोरांनी सुमारे पन्नास दिवस वेढा सोसला आणि साइगोच्या कसलेल्या लोकांना आत येऊ दिलं नाही. त्यांच्यावर अडीच तासांचा सिनेमा कुणी काढला नाही ते जाऊ दे, पण या सिनेमातही एक पोरगा आहे. सुरुवातीलाच आहे. टॉम क्रूझ त्याच्यासमोर उभा राहून ओरडतो, मार मला गोळी, आणि त्या पोराचे हात असे थरथरतात की बंदूक भरता भरता जीव जायची पाळी येते.

त्या पोराला तुम्ही हसलात. अख्खा हॉल हसला. मागचे काका तर उसळून हसले. एवढ्या सिनेमात जे एक माणूस तुमच्या-आमच्यातलं होतं, त्याला. आपले पणजे काय किल्लेदार होते का सगळ्यांचे? बहुतेकांचे वेठबिगारीत राबले, सारा भरून मोडले, नाहीतर कुणाच्या तरी फौजेत असेच थरथरत उभे राहिले. आणि तुम्ही तीनशे रुपये मोजून घोड्यावरच्या सरदाराला टाळ्या देता, त्याच्या पायाखाली येणाऱ्याची टिंगल करता, वर घरी जाऊन निष्ठेवर प्रवचन लिहिता. सिनेमा कळला नाही याबद्दल तक्रार नाही, आवडला तर जरूर आवडू द्या, मलाही तो बराचसा आवडतो. पण तोंड मिटून बघा. तो पोरगा पडद्यावर येईल तेव्हा एक मिनिट त्याच्याकडे बघा, आणि ते जमत नसेल तर तिकीट काढू नका, टीव्हीवर बघा आणि आपल्या घरात काय बोलायचं ते बोला.