थोरला, धाकटा आणि ५१२ बाइट

माझा स्कॅनर म्हातारा झाला होता, पण बिघडायला तयार नव्हता. खरं दुखणं हेच. बिघडला असता तर नवा आणला असता आणि पुढचं सगळं टळलं असतं. काच स्वच्छ, दिवा लख्ख, आवाज जात्यासारखा. फक्त नव्या कॉम्प्युटरशी त्याचं बोलणं बंद होतं. कॉम्प्युटरवर ६४ बिटांचं विंडोज सेव्हन, तेव्हा अगदी नवंकोरं, आणि स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरशी त्याचं बोलणं करून देणारा प्रोग्रॅम, जुन्या विंडोज एक्सपीच्या काळातला, ३२ बिटांचा. ६४ बिटांचं विंडोज ३२ बिटांचा ड्रायव्हर उंबऱ्याच्या आत घेत नाही. तिथे वशिला चालत नाही. स्कॅनर बनवणाऱ्यांना लिहिलं, तर नवा ड्रायव्हर काढायचा त्यांचा विचार नाही असं त्यांनी अतिशय गोड शब्दांत कळवलं.

मला एकच पान स्कॅन करायचं होतं. अर्जाला जोडायचं एक जुनं प्रमाणपत्र. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुम्ही ते विसराल. मीही विसरलो होतो.

"त्यात काय, ड्युअल बूट कर," ऑफिसातला एकजण म्हणाला. "एकाच डिस्कवर एक्सपी पण आणि सेव्हन पण. मशीन सुरू झालं की तेच विचारतं, कुठे जायचंय. आपण फक्त बोट दाखवायचं." हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की त्यानं स्वतः ते कधीच केलेलं नाही, हे मला तिथेच ओळखता यायला हवं होतं.

आता, या विषयावर जे जे वाचलं त्यात पहिलं वाक्य एकच होतं: आधी जुनं टाका, मग नवं. मी ते वाचलं. मान डोलावली. पण माझ्याकडे नवं आधीच नांदत होतं, सगळे फोटो, कागदपत्रं, हिशेब त्यात होते. आणि आधी कोण, मग कोण याला एवढं काय महत्त्व? बाकावर जागा दोघांपुरती असली म्हणजे झालं, आधी कोणीही बसो. असा माझा विचार. शनिवार सकाळचा विचार. शनिवारी सकाळी माणूस काहीही विचार करतो.

पहिलं काम वाटणीचं. सेव्हनमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' नावाची सोय आहे. ३२० जीबीच्या डिस्कमधून मी एक्सपीसाठी ४० मागितले आणि दोन मिनिटांत मिळाले. इतकी बिनतक्रार वाटणी मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. इथेच माझं डोकं फिरलं आणि मला आपल्याला यातलं कळतं असं वाटू लागलं.

एक्सपीची सीडी घातली. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, तळाशी एक ओळ: अमुक प्रकारचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ ६ दाबा. मला कुठलाच ड्रायव्हर द्यायचा नव्हता. मी हाताची घडी घालून बसलो. सीडीनं पाच मिनिटं काय काय घरघरत भरून घेतलं आणि मग पडदा दुसऱ्याच निळ्या रंगाचा झाला. हा निळा ज्यानं एकदा पाहिला त्याला पुन्हा सांगावा लागत नाही. खाली क्रमांक: शून्य, एक्स, मग आणखी सहा शून्यं आणि शेवटी ७ बी. अपराध काय ते एका आकड्यात, आणि तो सांगायला आधी इतकी शून्यं, जणू मी समजूतदारपणे श्वास रोखावा म्हणून.

शोधल्यावर अर्थ लागला. एक्सपी २००१ सालचं. माझी डिस्क एएचसीआय नावाच्या नव्या रीतीनं बोलणारी, आणि एक्सपीच्या सीडीला ती बोली येतच नाही. म्हणजे माझी डिस्क त्याच्या नाकासमोर फिरत होती आणि तो म्हणत होता, डिस्क कुठाय? दुभाष्या द्यायचा तर तो एफ ६ दाबूनच, आणि तोही फ्लॉपीवरून. फक्त फ्लॉपीवरून! १.४४ एमबीची ती चौकोनी चकती. माझ्या मशीनला फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता. त्या जागी नुसती प्लॅस्टिकची पट्टी होती, मी तिच्यावर उगाच एकदा बोट फिरवून पाहिलं.

दुसरा उपाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जाग्या होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगांत, जाऊन 'एएचसीआय'चं 'आयडीई', म्हणजे जुनी रीत, करायचा. बायोस म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडल्यासारखं वाटतं. मी तेवढीच एक ओळ बदलली, बाकी कशाकडे बघितलंही नाही, आणि दार लोटून बाहेर आलो. एक्सपीला डिस्क दिसली.

मग सुरू झाली ती सुप्रसिद्ध एकोणचाळीस मिनिटं. एक्सपीच्या सेटअपमध्ये डाव्या पट्टीत 'अंदाजे ३९ मिनिटं बाकी' असं येतं. ही मिनिटं घड्याळातली नव्हेत.

"अहो, अजून किती वेळ?" बायकोनं आतून विचारलं.

"एकोणचाळीस मिनिटं."

बऱ्याच वेळानं ती बाहेर येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. "मघाशी पण एकोणचाळीसच म्हणालात."

"ती वेगळी एकोणचाळीस होती."

मधेच पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की मागितली. ती जुन्या डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर, अर्धी पुसलेली. मी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा. चौथ्या गटात बी आहे की ८? पुढे कळलं की या किल्ल्यांमध्ये शून्य आणि ओ दोन्ही वापरतच नाहीत, लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून. एक आणि आयसुद्धा नाहीत. बी आणि ८ मात्र दोन्ही ठेवलेत. ज्यानं कोणी हे ठरवलं त्यानं आपल्या चष्म्यावर फार विसंबू नये असं माझं मत आहे. ८ होता. तिसऱ्या फेरीत लागला.

संध्याकाळी पडद्यावर एक्सपीची हिरवी टेकडी उगवली. वर निळं आकाश, पांढरे ढग. अक्षरं बोटभर मोठी, आवाज नाही, इंटरनेट नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हवा होता आणि तो इंटरनेटवर होता. हरकत नाही, म्हटलं, सेव्हनमध्ये जाऊ, तिथून उतरवून आणू. यासाठीच तर दोन घरं केली. मशीन बंद करून सुरू केलं आणि बोट दाखवायला तयार राहिलो.

कोणी काही विचारलंच नाही. थेट हिरवी टेकडी. पुन्हा सुरू केलं. टेकडी. तिसऱ्यांदा वायर काढून, दहापर्यंत मोजून, परत लावून. टेकडी. आता तिच्यामागून कोणीतरी आपल्याला बघतंय असं वाटू लागलं. 'माय कॉम्प्युटर' उघडलं तर आत डी ड्राइव्ह होता, त्यात माझं सेव्हन आपल्या सगळ्या फोल्डरांसकट धडधाकट पडून होतं. जिवंत होतं, पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ता नव्हता.

भाच्याला फोन लावला. तो याच धंद्यातला.

"मामा, आधी कोणतं टाकलंस?"

मी घसा साफ केला.

"उलटं केलंस ना?"

"उलटं असं नाही, पण..."

"पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं रे सगळीकडे."

मग त्यानं समजावलं, आणि समजावणं चांगलं होतं, त्यामुळे राग आणखी आला. मशीन सुरू होतं तेव्हा त्याला विंडोज वगैरे काही माहीत नसतं. ते डिस्कचा पहिला सेक्टर उचलतं, फक्त ५१२ बाइट. त्यातले ४४६ बाइट सूचनांचे, ६४ बाइटांत चार वाटण्यांचा सातबारा, उरलेले दोन म्हणजे सही. या ५१२ बाइटांवर सगळा संसार. ते म्हणतात, चालू वाटणीच्या दारात जा, आणि त्या दारावर पाटी असते: पुढे अमक्याला भेटा. एक्सपीचा माणूस एनटीएलडीआर, सेव्हनचा बूटमॅनेजर. नवं नंतर टाकलं की ते घरात कोण आहे ते बघतं, बूटमॅनेजर दाराशी बसतो आणि वडीलधाऱ्यांचंही नाव यादीत घालतो. जुनं नंतर टाकलं की ते सरळ स्वतःची पाटी ठोकतं. दुष्टपणानं नव्हे. २००१ सालच्या गृहस्थाला २००९ साली जन्मणाऱ्याचं नाव ठाऊक असणार कसं? धाकट्याला थोरला माहीत असतो, थोरल्याच्या लेखी धाकटा अजून व्हायचाय.

"सेव्हनची डीव्हीडी घाल, रिपेअर म्हण," भाचा म्हणाला. घातली, म्हटलं. पाटी बदलली. सेव्हनचा लोगो झळकला, चार रंगांचे ठिपके एकमेकांभोवती फिरू लागले, आणि मधेच निळा पडदा. शून्य, एक्स, सहा शून्यं, ७ बी. तोच आकडा! आता हा म्हणत होता, डिस्क कुठाय?

कारण मी बायोसमध्ये आयडीई करून ठेवलं होतं, आणि सेव्हननं तर एएचसीआय धरून संसार थाटला होता; दुसऱ्या बोलीचा दुभाष्या त्यानं गरज नाही म्हणून झोपवून ठेवलेला. म्हणजे एएचसीआय ठेवलं तर सेव्हन चालू, एक्सपी आंधळं; आयडीई ठेवलं तर एक्सपी चालू, सेव्हन आंधळं. दर वेळी कपाट उघडून बोली बदलायची. एवढ्यात माझा स्कॅनर कोपऱ्यात स्वस्थ बसला होता, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नसल्यासारखा.

रविवार उजाडला. बोली बदलून सेव्हनमध्ये शिरलो, भाच्याच्या सांगण्यावरून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, दोन-तीन ठिकाणी एकेका आकड्याचा शून्य केला, झोपलेला दुभाष्या उठला, आणि आयडीईवर सेव्हनही चालू लागलं. राहिलं होतं यादीत थोरल्याचं नाव घालणं. ते काळ्या खिडकीत, हातानं टंकून.

"बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश, क्रिएट, स्पेस, मग कर्ली ब्रॅकेट."

"कोणता स्लॅश?"

"उजवीकडे झुकलेला."

"आणि कर्ली म्हणजे?"

"मामा, तो मध्ये नाक काढलेला नसतो का?"

"अरे मग महिरपी कंस म्हण की! दहा मिनिटं झाली, मी इथे कुरळं काय आहे ते शोधतोय."

योग्य क्रमानं केलं असतं तर यादीत एक्सपीच्या जागी नुसतं 'विंडोजची आधीची आवृत्ती' असं आलं असतं, नावानं हाकसुद्धा नाही. माझ्या चुकीमुळे नाव मला ठेवता आलं. रोमन अक्षरांत 'थोरले' असं ठेवलं. या साऱ्या प्रकरणात मला मनासारखी करता आलेली ही एकच गोष्ट.

यादी दिसली! काळ्या पडद्यावर दोन ओळी, खाली उलटी मोजणी, ३० सेकंद. थोरल्यांत गेलो, ड्रायव्हर टाकले. थोरल्यांच्या लेखी सी ड्राइव्ह म्हणजे सेव्हननं बूटसाठी राखून ठेवलेली १०० एमबीची अडगळीची खोली, सेव्हनचं घर डी, आणि ते स्वतः बिचारे ई. सेव्हनमध्ये यावं तर ते स्वतःला सी म्हणतं आणि थोरल्यांना डी. पत्ता विचारणाऱ्यानं आधी आपण कोणाच्या ओसरीवर उभे आहोत ते बघायचं. शिवाय भाच्यानं फोन ठेवता ठेवता सांगितलं की एक्सपी एकदा येऊन गेलं की सेव्हनचे रिस्टोअर पॉइंट, म्हणजे आधीच्या स्थितीत परत जायच्या खुणा, पुसले जातात, कारण ते कशासाठी आहेत हे त्याला उमजत नाही. म्हणजे शनिवार सकाळच्या आधी परत जायचा माझा मार्ग मीच बुजवला होता.

स्कॅनर जात्यासारखा घरघरला. पान आलं, सुरेख आलं. ते ई मध्ये ठेवलं, सेव्हनमध्ये जाऊन डी मध्ये शोधलं, मेलनं पाठवलं आणि जेवढं अंग टेकता येईल तेवढं खुर्चीत टेकलं.

सोमवारी उत्तर आलं. पान मिळालं, मागची बाजूही हवी आहे.

प्रमाणपत्राला मागची बाजू असते हे मी विसरलो होतो. मशीन रीस्टार्टला टाकलं. बायोसचा लोगो, काळा पडदा, दोन ओळी, खाली ३०. वेळ आहे, म्हटलं, तेवढ्यात कागद उलटा घालून ठेवू. उठलो, स्कॅनरचं झाकण उघडलं, काचेवर केस होता तो फुंकला, नाही गेला, रुमालानं टिपला, कागद कोपऱ्याला नीट टेकवला, झाकण लावलं, परत येऊन बसलो.

पडद्यावर सेव्हन मला 'वेलकम' म्हणत होतं.