‘एचपीए लावा आणि निवांत झोपा’ म्हणे!

गेले काही दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. लिंक्डइनवर, टेलिग्रामवर, डेव्हऑप्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, निळ्या बॅकग्राउंडवर पाच मुद्दे आणि वर मथळा, "सर्च क्लस्टर ऑटोस्केल करा, बिल अर्धं करा". म्हणजे सर्च चालवणाऱ्या सर्व्हरांची संख्या लोडप्रमाणे आपोआप कमी-जास्त होऊ द्या. मी बघून न बघितल्यासारखं करत होतो, म्हटलं जाऊ दे. पण परवा सख्ख्या पुतण्यानेच ती मला पाठवली, खाली लिहिलेलं, "काका, आमच्याकडे शुक्रवारी हेच लावतोय, एक नजर टाकता का". शुक्रवारी! म्हणून हे लिहितोय आणि थोडं चिडूनच लिहितोय, सांभाळून घ्या.

नवख्यांसाठी आधी चार शब्द. इलॅस्टिकसर्च म्हणजे सर्चचं सॉफ्टवेअर, ते अनेक नोडांवर मिळून चालतं, त्या सगळ्यांचा मिळून क्लस्टर. कुबरनेटिस सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवतं, त्याची एकेक चालती प्रत म्हणजे पॉड, इथे एक नोड म्हणजे एक पॉड. आणि एचपीए हा कुबरनेटिसचा ऑटोस्केलर, सीपीयूचा लोड बघून पॉड वाढवतो-कमी करतो. आता पोस्टचं म्हणणं असं. एक, इलॅस्टिकसर्च कुबरनेटिसवर टाकलं की ते वेबसर्व्हरसारखंच, सीपीयूचं टार्गेट ७०% ठेवून एचपीए लावा, झालं. दोन, रात्री ट्रॅफिक नसतो, नोड आपोआप कमी होऊ द्या, बिल अर्धं. तीन, पॉड पडला तर कुबरनेटिस परत उभा करतंच, मग रेप्लिका (डेटाच्या जादा कॉपी) शून्य ठेवा. चार, पुढे क्लस्टर वाढणारच आहे तर आत्ताच भरपूर शार्ड (डेटाचे तुकडे) करून ठेवा. पाच, सर्च फास्ट हवा तर सगळी रॅम हीपला, म्हणजे जावाच्या स्वतःच्या मेमरीला द्या, कारण इलॅस्टिकसर्च जावावर चालतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पहिला मुद्दा. वेबसर्व्हरच्या पॉडकडे स्वतःचं काही नसतं. इलॅस्टिकसर्चच्या डेटा नोडकडे शार्ड असतात, म्हणजे तुमच्या इंडेक्सचे (सर्चसाठी रचून ठेवलेल्या डेटाचे) तुकडे, खरेखुरे, डिस्कवर. काउंटरवरचा माणूस घरी पाठवणं आणि मालासकट गोदाम उचलून नेणं यात जेवढा फरक तेवढा इथे आहे. नवीन पॉड आला तरी तो रिकामा येतो, त्याच्यावर शार्ड कॉपी होऊन येईपर्यंत तो काहीच कामाचा नाही. आणि ही कॉपी किती वेगाने होते? डिफॉल्ट मर्यादा एका नोडला सेकंदाला ४० एमबी. म्हणजे २०० जीबी यायला साधारण ८५ मिनिटं. एचपीए मात्र दर १५ सेकंदांनी सीपीयू बघतो. कॉपी करण्याच्या कामानेच जुन्या नोडांवर लोड वाढतो, एचपीएला वाटतं अजून पॉड हवेत, तो अजून आणतो, ते पण रिकामे, म्हणजे अजून कॉपी. आगीतून फुफाट्यात.

याच्यातलाच एक प्रकार कुणी बोलत नाही. समजा इंडेक्सचे ३ प्रायमरी (मूळ) शार्ड आणि प्रत्येकाची १ रेप्लिका, म्हणजे एकूण ६ कॉपी. पॉड झाले १०. मग त्या इंडेक्ससाठी ४ पॉड बसून राहणार, त्यांना द्यायला शार्डच नाही. सहा जण ९५% वर धापा टाकतायत, चार जण ५% वर. एचपीए बघतो सरासरी, ती येते ५९%. टार्गेट ७०. त्याचं गणित काय म्हणतं, १० गुणिले ५९ भागिले ७०, वर राउंड करून ९. म्हणजे सर्च मरायला टेकलाय आणि ऑटोस्केलर म्हणतो एक पॉड जास्तच आहे, काढा. हे कुणी मुद्दाम लिहिलं असतं तर विनोद म्हणून खपलं असतं.

आता दुसरा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त डोक्यात गेला, कारण पुतण्याच्या मॅनेजरला नेमका हाच आवडलाय. रात्री नोड कमी करा.

सहा डेटा पॉड धरा, प्रत्येक इंडेक्सला एक रेप्लिका, एचपीएचं मिनिमम २. रात्री सीपीयू उतरून १२% वर आला. ६ गुणिले १२ भागिले ७० म्हणजे एकाहून जरासं जास्त, वर राउंड करून २. एचपीए डिफॉल्टने ३०० सेकंद थांबतो, सीपीयू खालीच राहिला की सांगतो, सहाचे दोन करा. स्टेटफुलसेट, म्हणजे पॉडना नंबर देऊन सांभाळणारा कुबरनेटिसचा भाग, शेवटच्या नंबरपासून पॉड काढायला लागतो. ५ बंद झाला की ४, मग ३, मग २. त्यांच्यावर कुठले शार्ड होते, त्यांची दुसरी कॉपी कुठे आहे, हे तो विचारत नाही, ते त्याचं कामच नाही. इकडे इलॅस्टिकसर्च नोड गेल्यावर डिफॉल्टने १ मिनिट नुसतं थांबतं, कारण बऱ्याचदा नोड रीस्टार्ट होऊन लगेच परत येतो, उगाच कॉपी कशाला करत बसा. त्या मिनिटाच्या आत पुढचा पॉड पण गेलेला असू शकतो. ज्या शार्डच्या दोन्ही कॉपी ५ आणि ४ वर होत्या तो शार्ड संपला, क्लस्टर रेड, म्हणजे काही डेटा सापडेनासा. आणि त्याच पॉडांना मास्टरचा (क्लस्टरचा कारभार बघणाऱ्याचा) पण रोल दिला असेल, छोट्या सेटअपमध्ये देतातच, तर अर्धे किंवा जास्त मास्टर-एलिजिबल नोड एकदम गेल्यावर कोरमच (निर्णयाला लागणारं बहुमत) तुटतो, मग तर सगळंच ठप्प.

डेटा कायमचा उडाला का? बहुतेक नाही, पीव्हीसी (पॉडला जोडलेली कायमची डिस्क) डिफॉल्टने तशीच राहते, पॉड परत आला की डिस्क परत मिळते. एवढं आपलं नशीब. पण रात्रभर काय होतं बघा. इलॅस्टिकसर्च डिफॉल्टने अर्धवट रिझल्ट द्यायला तयार असतं. काही शार्ड सापडले नाहीत तरी जे सापडले त्यांच्यावरून उत्तर देतं, स्टेटस २०० (म्हणजे सगळं ठीक), फक्त आत एका कोपऱ्यात फेल झालेल्या शार्डचा आकडा. तो आकडा किती ॲप वाचतात? साडीच्या साइटवर कुणी "पैठणी" शोधली तर चाळीसऐवजी तेवीस दिसतील, आणि गिऱ्हाइकाला वाटेल यांच्याकडे एवढ्याच आहेत. एरर नाही, अलार्म नाही, तक्रार नाही.

बरं, समजा तुम्ही हे सगळं नीट केलं, आधी शार्ड हलवले आणि मग नोड काढले. तरी डिस्कचं काय? सहा नोड निम्मे निम्मे भरलेत, तो सगळा माल दोन नोडांवर आणायचा तर प्रत्येकी १५०% जागा लागेल. डिस्क ८५% भरली की इलॅस्टिकसर्च त्या नोडवर नवीन शार्ड ठेवायचं थांबतं, ९०% ला असलेले हलवायला लागतं, आणि ९५% ला तिथल्या इंडेक्सवर लिहिणंच बंद करतं. रात्री सीपीयू कमी होतो, डेटा कमी होत नाही, एवढी साधी गोष्ट त्या निळ्या चित्रात कुठेच नाही. आणि रात्री काम नसतं हे तरी कुणी सांगितलं, कॅटलॉग रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने भरणं), बल्क लोड (एकगठ्ठा डेटा भरणं), स्नॅपशॉट (बॅकअप), हे सगळं लोक रात्रीच तर लावतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांचंच डॉक्युमेंटेशन उघडा. इलॅस्टिकच्या होस्टेड क्लाउडमध्ये ऑटोस्केलिंग आहे, आणि तिथे साफ लिहिलंय की डेटा टिअर (डेटा नोडांचा गट) आपोआप फक्त वर जाते, ते पण स्टोरेजच्या गरजेवर. आपोआप खाली येत नाही. वर आणि खाली दोन्ही जातात ते मशीन लर्निंगचे नोड. म्हणजे जी कंपनी यातूनच पैसे कमावते, जिच्याकडे लुसीनवर (इलॅस्टिकसर्चच्या आतलं सर्च इंजिन) वर्षानुवर्षं काम केलेली माणसं बसलीत, ती डेटा नोड आपोआप कमी करायला हात लावत नाही, आणि आमचे फॉरवर्डवाले एका यामल (सेटिंगच्या) फाईलमध्ये करून दाखवतायत. त्यांच्या कुबरनेटिस ऑपरेटरच्या (कुबरनेटिसवर इलॅस्टिकसर्च सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) डॉक्युमेंटेशनमध्ये पण बघा, एचपीए लावता येणाऱ्या स्टेटलेस (स्वतःचा डेटा न ठेवणाऱ्या) गोष्टींमध्ये किबाना (त्यांचा डॅशबोर्ड) आहे, इलॅस्टिकसर्चला ऑटोस्केलर वेगळा दिलाय. आणि सोलर या दुसऱ्या सर्च सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणाल तर त्यांनी ७ मध्ये स्वतःची ऑटोस्केलिंग फ्रेमवर्क आणली आणि ९.० मध्ये काढून टाकली.

आता खोटं कशाला बोलू, सगळंच थोतांड नाहीये. झालांडो या युरोपातल्या ऑनलाइन कपडेवाल्या कंपनीने त्यांचा ईएस-ऑपरेटर ओपन सोर्स केलाय, तो खरंच पॉड वर-खाली करतो. पण तो पॉड काढायच्या आधी त्यावरचे शार्ड दुसरीकडे हलवतो, आणि नोडांबरोबर इंडेक्सच्या रेप्लिका पण वाढवतो-कमी करतो, एका नोडवर किमान किती आणि कमाल किती शार्ड हे तुम्ही ठरवून द्यायचं. इलॅस्टिकचा ऑपरेटर पण नोड काढताना आधी डेटा हलवतो. फक्त कोऑर्डिनेटिंग काम (सर्च बाकी नोडांकडे पाठवून उत्तरं गोळा करणं) करणारे नोड असतील, ज्यांच्याकडे डेटाच नाही, त्यांना खुशाल एचपीए लावा. आणि इलॅस्टिकच्या सर्व्हरलेसमध्ये डेटा ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (नोडांपासून वेगळ्या क्लाउडच्या साठ्यात) असतो, तिथे कंप्यूट कमी-जास्त करणं जमतं. पण हे सगळं पोस्टमध्ये कुठेय? तिथे आहे फक्त सीपीयू ७०%.

हाताने एक नोड कमी करायचा असेल तर अलोकेशनच्या (शार्ड कुठे ठेवायचे ते ठरवणाऱ्या) एक्सक्लूड सेटिंगमध्ये त्याचं नाव टाका, त्याच्यावरचे शार्ड शून्य होईपर्यंत थांबा, मग काढा. तो शेवटच्या नंबरचाच असला पाहिजे, कारण स्टेटफुलसेट दुसरा कुठला काढणार नाही. मास्टर-एलिजिबल असेल तर व्होटिंगमधून पण आधी वगळा. बास.

तिसरा मुद्दा, रेप्लिका शून्य. पॉड परत उभा राहतो, कबूल. पण डिस्कच गेली तर पॉड उभा राहून काय करणार, आरती ओवाळणार? शिवाय रेप्लिका सर्चचा लोड पण वाटून घेतात, म्हणजे ज्या स्केलिंगसाठी हा सगळा खटाटोप त्याचंच साधन काढून टाकायचं. एकदाच मोठा बल्क लोड करताना थोड्या वेळापुरत्या शून्य करतात, तेवढं चालतं.

चौथ्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. प्रायमरी शार्डची संख्या इंडेक्स बनवतानाच ठरते, नंतर बदलायची तर स्प्लिट (शार्डचे आणखी तुकडे) किंवा रीइंडेक्स, म्हणून आधी विचार करा हे बरोबर. पण भरपूर म्हणजे किती? एका शार्डला १० ते ५० जीबी हा इलॅस्टिकचाच सल्ला आहे. तुमचा अख्खा इंडेक्स ८ जीबीचा असेल तर पन्नास शार्ड करून काय मिळवणार, प्रत्येक सर्च पन्नास दारं ठोठावत फिरणार. ७.० मध्ये त्यांनी डिफॉल्टच ५ वरून १ वर आणला, उगाच नाही.

पाचवा, हीप. लुसीन फाईली वाचतं त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून, सगळी रॅम हीपला दिली तर कॅशला उरलं काय? अर्ध्यापेक्षा जास्त नको, आणि ३२ जीबीच्या खालीच ठेवा, नाहीतर जावाचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) मोठे होतात आणि दिलेली मेमरी तिथेच खर्ची पडते. ७.११ पासून तर तुम्ही काही लिहिलंच नाही तर इलॅस्टिकसर्च नोडचा रोल आणि रॅम बघून हीप स्वतः ठरवतं, तेव्हा कुणी सेटिंगच्या फाईलमध्ये हीपची ओळ घातली असेल तर काढून टाका.