खताचा नियम केला तर महापालिका बुडेल?

कोल्हापुरात पंचगंगेच्या आणि रंकाळा तलावाच्या काठाने पावसाळ्यात रासायनिक खत टाकायला मनाई करा, अशी मागणी कुणी केली की एक मेसेज फिरायला लागतो. तालमीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडून तो मला आलाय. मजकूर थोडक्यात असा : ‘महापालिकेची तिजोरी आधीच रिकामी. खतावर बंधनं आणली तर उत्पन्न बुडणार, घरफाळा वाढणार. शहरात शेती आहेच कुठे? एवढं महाग खत नदीत कोण घालवतंय? नदी बिघडते सांडपाण्याने. शिवाय महापालिकेला तसा अधिकारच नाही. आणि आता आपण काळम्मावाडी धरणाचं पाणी पितो, पंचगंगेचं नाही.’

आधी पैशाचं बघू, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. खताच्या विक्रीतून महापालिकेला थेट काहीच मिळत नाही. खतावर 5 टक्के जीएसटी आहे, तो केंद्राकडे आणि राज्याकडे जातो. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली आणि तीही गेली. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आहे आणि महापालिकांना राज्याकडून भरपाईची रक्कम येते. शहरात युरियाची चार पोती कमी खपली म्हणून ती कमी होत नाही. बाकी राहिला घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवान्याची फी, गाळ्यांचं भाडं. यातल्या कशाचा खताशी संबंध आहे?

खर्च होतो तो नियम नसल्यामुळे. पाण्यात खतातलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) उतरलं की केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं, पोषक पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होतं. मग ते काढायला पोकलॅन, डंपर, डिझेल, माणसं. काठावर उभं राहून मी हे काम पाहिलंय. बकेट वर येते तेव्हा मुळांतून पाण्याच्या धारा लागलेल्या असतात, डंपर हलला की रस्ताभर ओघळ पडतो. जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते उचलून वाहून नेण्याचा खर्च आपल्याच करातून जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

शहरात शेती नाही, हे बावड्यात जाऊन कुणी म्हणून दाखवावं. कसबा बावडा महापालिकेच्या हद्दीतच आहे आणि नदीपर्यंत उसाची रानं आहेत. पण प्रश्न फक्त शेतकऱ्याचा नाही. गेल्या जुलैत एका सोसायटीच्या बागेत मी पाहिलं : आभाळ भरून आलेलं, माळ्याने हिरवळीवर मूठमूठ युरिया फेकला, अर्धा फरशीवर पडला. दहा मिनिटांत सर आली. पांढरे दाणे विरघळून पाणी गटारात, गटार नाल्यात. गवताच्या वाट्याला किती आलं असेल?

खत महाग, म्हणून वाया जात नाही? डीएपी या स्फुरदयुक्त खताचं 50 किलोचं पोतं 1350 रुपयांचं. युरियाचं 45 किलोचं मात्र 266 रुपये 50 पैशांना. म्हणून हात सैल सुटतो तो युरियावरच. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षाने तोडायच्या, उसाला शिफारस आहे हेक्टरी 400 किलो नत्राची, तीही चार हप्त्यांत विभागून. हप्ते चुकवून एकदम टाकलं, आणि वर पाऊस झाला, तर पिकाला लागण्याआधीच बरंचसं निघून जातं. हे शेतकऱ्याचंही नुकसान आहे.

सांडपाण्याचं म्हणणं खरं आहे. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याकाठी उभं राहिलेल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही, आणि तिथला लढा थांबता कामा नये. पण सांडपाण्यातही नत्र-स्फुरदच असतं, आणि खताने त्यात भरच पडते. प्रक्रिया केंद्राला कोट्यवधी रुपये आणि वर्षं लागतात. पावसाच्या तोंडावर खत टाकू नका, हे सांगायला त्या मानाने काहीच लागत नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहराने 2007 मध्ये हिरवळीवरच्या फॉस्फरसयुक्त खतावर निर्बंध आणले. पुढच्याच वर्षी तिथल्या ह्युरॉन नदीत उन्हाळ्यात फॉस्फरस सरासरी 28 टक्क्यांनी कमी आढळला. लोकजागृतीचाही त्यात हात असेल, पण तीही नियमामुळेच झाली ना?

अधिकाराबाबत मेसेज अर्धा बरोबर आहे. खताची विक्री केंद्राच्या 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली येते, त्यामुळे दुकान बंद करणं महापालिकेच्या हातात नाही. पण स्वतःच्या बागा, बागांच्या ठेक्याच्या अटी, भाड्याने दिलेल्या जागा, गटारात काय सोडायचं, हे तिच्याच हातात आहे. महापालिका अधिनियमानुसार राज्याच्या मंजुरीने उपविधी, म्हणजे स्थानिक नियमही करता येतात. सुरुवात बागांच्या निविदेत एक अट घालून या जूनपासून होऊ शकते.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. काळम्मावाडीहून थेट पाईपलाईनचं पाणी 2023 च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं, आनंद मलाही झाला. पण पंचगंगा आपल्या घाटावर संपत नाही. ती पुढे इचलकरंजीला जाते, शिरोळ तालुक्यातल्या गावांतून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीने माणसं गेली, ती सांडपाण्यामुळे, खतामुळे नाही. पण आपल्याकडून खाली काय जातं याची फिकीर न करण्याची सवय तीच आहे. तिथल्या बायाबापड्यांना काळम्मावाडीची पाईपलाईन नाही.