सर्व्हर फॉरमॅट करायला लावणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘लिनक्स सर्व्हर असेल तर निर्धास्त झोपा’ या मथळ्याचा पाच कलमी मेसेज सध्या कोल्हापुरातल्या उद्यमनगर आणि शिरोलीच्या उद्योजकांच्या ग्रुपांवर फिरतोय. लिनक्सला (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) व्हायरस लागत नाही. अपडेट करू नका, चालू मशीन बिघडतं. एसई-लिनक्स (लिनक्समधली सुरक्षेची सोय) बंद ठेवा, वेग वाढतो. संशय आलाच तर रीबूट करा, लॉग (मशीनवर काय घडलं त्याच्या नोंदी) उडवा, फॉरमॅट मारा, विषय संपला. आणि छोट्या धंद्याकडे कोण बघतंय? मी दुर्लक्ष केलं असतं. पण तो माझ्या दाजींपर्यंत पोचला. त्यांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, आणि त्यांनी चौथं कलम शब्दशः पाळलं. म्हणून चौथ्यापासूनच सुरू करतो.

दाजींच्या सर्व्हरचे पंखे रात्रभर घोंघावत होते आणि कुठला प्रोग्रॅम किती राबतोय ते सांगणारी टॉप कमांड मात्र सीपीयू निवांत असल्याचं दाखवत होती. तिथंच थांबायला हवं होतं. रूटकिट (घुसखोराला लपवणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसलं की प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची) यादी मागणाऱ्या कमांडला ते स्वतःचं नाव वगळून उत्तर देतं. अशा मशीनला तिचीच तब्येत विचारून काय कळणार? चालू प्रोसेस, उघडी कनेक्शनं, डिस्कवरची फाइल पुसून नुसता मेमरीतून चालणारा प्रोग्रॅम, हे सगळं मेमरीत असतं आणि रीबूट केलं की जातं. आधी नेटवर्कची केबल काढायची, वीज चालू ठेवायची. लाइमसारख्या टूलनं मेमरीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, मग अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, आणि दोन्हींचा हॅश (नंतर प्रत बदलली तर उघडा पाडणारा आकडा) लिहून ठेवायचा. फॉरमॅट त्यानंतर.

हो, फॉरमॅट लागतोच, एवढं त्या मेसेजमधलं खरं. कर्नलपर्यंत कुणी पोचलं असेल तर झाडलोट करून भागत नाही, मशीन नव्यानंच उभं करावं लागतं. पण घुसले कुठून हे आधी शोधायला नको? दाजी म्हणाले, “फॉरमॅट मारलाय न्हवं, आता कसला व्हायरस?” आणि मे महिन्याच्या बॅकअपमधून होम फोल्डर जसाच्या तसा परत आणला. त्यातच एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर शिरायच्या सोयीच्या) फाइलीत एक अनोळखी की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, होती. चौथ्या रात्री पंखे पुन्हा सुरू झाले.

‘लॉग उडवा’ हा सल्ला तर सरळ नियम मोडायला सांगतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घुसखोरी लक्षात आल्यावर ६ तासांत कळवावी लागते. दाजींची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, आदेश तिलाही लागू आहे. २०१६ साली ‘डर्टी काऊ’ हे कर्नलमधलं भोक उघडकीला आलं ते एका संशोधकानं सर्व्हरवर येणारी ट्रॅफिक नोंदवून ठेवली होती म्हणूनच. ते भोक २००७ पासून तिथं होतं. अपडेट नको म्हणणाऱ्यांनी २००७ आणि २०१६ ही दोन सालं बघावीत. आणि कर्नल अपडेट केला तरी रीबूट होईपर्यंत सहसा जुनाच चालू असतो, हेही तपासा.

बाकीचं थोडक्यात. डेस्कटॉपवरचे व्हायरस लिनक्सवर कमी दिसतात, मान्य. पण २०११ च्या ऑगस्टमध्ये खुद्द लिनक्स कर्नल वाटणाऱ्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरांवर रूटकिट सापडलं होतं. एसई-लिनक्स हा पहारा आहे, वेब सर्व्हर फुटला तरी घुसलेल्याला बाकी फाइलींपासून अडवणारा. तो बंद करू नका. उलट सगळी मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे तुकडे) लोड झाली की नवीन मॉड्यूल घेणंच बंद करणारी कर्नलची सेटिंग आहे, ती लावा. आणि छोट्या धंद्याकडे बघायला माणूस लागत नाही, उघडे पोर्ट (सर्व्हरमध्ये शिरायची दारं) शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात.

या वेळी दाजींनी केबल काढली आणि मला फोन केला. मेमरीची प्रत आता माझ्याकडे आहे. पहिल्या वेळची नाही. की मेच्या बॅकअपमध्ये होती, म्हणजे निदान तेव्हापासून कुणीतरी आत होतं. त्या सर्व्हरवर पार्ट्यांची कास्टिंगची ड्रॉइंगं आहेत. त्यातली कुठली बाहेर गेली असं उद्या एखाद्या पार्टीनं विचारलं, तर दाजींकडे उत्तर नाही.