ब्रिलियाना हार्ले गोळी लागून गेली नाही

ते फॉरवर्ड परत फिरतंय, की इंग्लंडच्या यादवी युद्धात (राजा विरुद्ध पार्लमेंट) नवरा ब्रिलियाना हार्लेला वाऱ्यावर सोडून पळाला, मग तिने एकटीने किल्ला लढवला आणि लढतानाच गोळी लागून मेली. अर्धं खरं, बाकी तिखटमीठ. नवरा सर रॉबर्ट पळालाबिळाला नव्हता, तो पार्लमेंटचा मेंबर, लंडनला होता, आणि हेरफर्डशायरमधले बहुतेक शेजारी जमीनदार राजाच्या बाजूचे, त्यामुळे ब्रॅम्प्टन ब्रायनला, म्हणजे तिथल्या त्यांच्या किल्ल्यात, बाई चहूबाजूंनी अडकली.

जुलै 1643 मध्ये वेढा पडला, तिने साधारण सात आठवडे किल्ला दिला नाही, आणि शेवटी राजाचीच फौज ग्लॉस्टरकडे गेली म्हणून वेढा उठला. म्हणजे किल्ला तेव्हा पडलाच नाही, पडला तो 1644 ला, दुसऱ्या वेढ्यात. ती मात्र ऑक्टोबर 1643 मध्येच आजारपणात गेली, शेवटच्या पत्रात जबर सर्दी झाल्याचं लिहिलंय.

आणि ती काय नुसती तलवारवाली नव्हे हो! सात मुलांची आई, रॉबर्टची तिसरी बायको. मोठा मुलगा नेड ऑक्सफर्डला शिकायला, त्याला करडाच्या मटणाचा 'पाय' (pie, आत मटण भरून भाजलेला पदार्थ) पाठवला, अर्ध्यात एक मसाला नि अर्ध्यात दुसरा, का तर तिकडे असलं मटण सहसा मिळत नसेल म्हणून.